गणती हवीच, पण रकाने कुणाच्या सोयीचे?

अमेरिकेत प्रोबेशनवरच्या (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्या) आणि पॅरोलवरच्या (शिक्षा संपण्याआधी अटींवर सोडलेल्या) लोकांची गणती १९८० पासून दरवर्षी होते, तशी आपल्याकडेही व्हावी, असा मुद्दा एका दादांनी मांडला, तो मनापासून पटला. एनसीआरबीचा (केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाचा) एक वार्षिक अहवाल आहे, पण तो मुळात तुरुंगाचा. बेळगावच्या हिंडलगा तुरुंगाच्या भिंतीआड किती माणसं आहेत ते कळेल. १९५८ च्या प्रोबेशन कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर घरी सुटलेल्याचं पुढं काय झालं, ते कसं कळणार?

पण गणती कशी होते तेही बघा. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या, म्हणजे कर्नाटकातल्या, खानापूर भागातला एक पोरगा मारामारीच्या खटल्यात बंधपत्रावर (चांगलं वागण्याच्या लेखी हमीवर) सुटला. फॉर्म कानडीत, आईला फक्त मराठी. दुसऱ्यानं भरला, तिनं अंगठा उठवला. पोरगा हद्दीपलीकडं महाराष्ट्रात चंदगडला काजूच्या कारखान्यात लागला, एक हजेरी चुकली, कागदावर 'गैरहजर' पडलं. कारण लिहायला रकानाच नव्हता! अशा नोंदींची बेरीज करून 'इतके जण अटी मोडतात' म्हणणं हा त्या पोरांवर अन्याय आहे.

आणि नावं आकडेवारीत नकोतच. त्याच कायद्याचं कलम १२ सांगतं की असं सुटलेल्याला शिक्षेमुळं येणारी अपात्रता लागू होत नाही. यादी नोकरी देणाऱ्याच्या हाती पडली तर ते कलम कागदावरच राहील.