बंदूक अल्ट्रासॉनिकमध्ये बुडवायची? (गज-चिंधीवाल्यांनीही यावे)

दहाचा_ठोका:
परवा इथे एका सद्गृहस्थांनी लिहिलं, "गज (नळी साफ करायची सळई), ब्रश, चिंधी हे आजोबांच्या काळातलं. अल्ट्रासॉनिक क्लीनर (ध्वनिलहरींनी घाण सोडवणारी पाण्याची टाकी) घ्या, बंदूक बुडवा, दहा मिनिटांत नवी." त्यावर ढिगाने अंगठे पडले, म्हणून लिहितोय.

बुडवा म्हणजे काय काय बुडवा? अक्रोडाचा दस्ता फुगेल. दुर्बीण तर कामातूनच जाईल. स्पर्धेच्या रायफलचा ट्रिगर कारखान्यातून मोजून वंगण घालून येतो. ते धुतलं गेलं की ओढ बदलते, आणि मग कोचला सांगायचं, "सर, फॉर्म गेला." ४० किलोहर्ट्झला द्रवात सूक्ष्म बुडबुडे फुटतात आणि घाण सोडवतात, हे खरंच आहे. पण काजळी कुठली आणि तेल कुठलं हे बुडबुड्यांना कळत नाही. पोलाद उघडंबोडकं बाहेर येतं. चिपळुणात जुलै महिन्यात ते पुसून ठेवेपर्यंत तांबूस दिसायला लागेल.

बावीसवाला:
ट्रिगर बुडवा असं कोण म्हणतंय? पॉइंट टू टूच्या (.२२ बोअरच्या) गोळीवरचं मेण आणि काजळी बोल्टच्या (नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या दांड्याच्या) तोंडावर, रिकामं काडतूस ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरखाली कशी बसते ते तुम्हाला माहीत असेलच. टूथब्रशने जन्मभर घासत बसा. मी नुसता बोल्ट, तोही सुटा करून टाकतो. ५० अंश, सौम्य डिटर्जंट, मग कॉम्प्रेसरची हवा, लगेच तेल. आणि ब्रशने घासताना शिशाची धूळ नाकात जाते त्याचं काय? प्रायमरमध्येही, म्हणजे काडतूस पेटवणाऱ्या मसाल्यातही, शिसं असतं, साहेब.

दहाचा_ठोका:
आणि ते शिशाचं पाणी मोरीत ओतता, नाही का?

बावीसवाला:
डब्यात साठवतो. तुमच्या चिंध्या कुठे जातात? ओल्या कचऱ्यात की सुक्या?

सराफकट्टा:
आमच्याकडे एक महाभाग सोनाराचं मशीन "तासाभरासाठी" घेऊन गेले. परत आलेल्या टाकीत दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचं मंगळसूत्र टाकलं होतं. कळल्यावर दादाने टाकीच बदलली. हौस आहे ना, मग स्वतःचं मशीन घ्या!

जुगाडू:
पाण्याऐवजी पेट्रोल घाला. गंजाचा प्रश्नच मिटला.

दहाचा_ठोका:
हीटर असलेल्या उघड्या टाकीत पेट्रोल? घराचाही प्रश्न मिटेल.

ठासणीवाला:
तुम्ही रेंजवाले बोल्टवर भांडा. आमची शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक. काळ्या दारूचा क्षार हवेतली ओल ओढतो, म्हणून आजा नळीत कढत पाणी ओतायचा, पुसायचा, वर तेल. तीन पिढ्या टिकली. ती गंजली कुठे? पोलीस ठाण्यात! २०२४ ला १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, बंदूक जमा, ४ जूनला निकाल. बंदूक हातात आली तेव्हा पाऊस सुरू झालेला, नळीवर बोटाएवढे डाग. तोवर माकडांनी बाग खाल्ली ती वेगळीच. ऑक्टोबरात विधानसभा, पुन्हा जमा. टाका आता तुमच्या मशीनमध्ये.

कायद्याचं_बोला:
निवडणुकीत शस्त्रं जमा करणं योग्यच आहे. दोन डाग पडले म्हणून लोकशाही थांबवायची का?

ठासणीवाला:
लोकशाही थांबवा असं कोण बोललं? माकडं थांबवा म्हणतोय. तुम्ही शहरात बसून केळी विकत घेता, आम्ही लावतो.

कायद्याचं_बोला:
हे भावनिक झालं. सरसकट जमा करायचं नसतंच, छाननी समितीने प्रत्येक परवाना बघून ठरवायचं असतं. अर्ज केला होता का?

ठासणीवाला:
केला होता. "सगळ्यांची जमा होते, तुमचीच काय वेगळी?" हे उत्तर तोंडी मिळालं. लेखी मागितलं तर साहेब बंदोबस्ताला.

बावीसवाला:
खेळाडूंना जमा करण्यातून सूट असूनही आमच्या एका मुलीला स्पर्धेच्या तोंडावर पत्र घेऊन दोन कार्यालयं फिरावी लागली. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचं ऑलिंपिक ब्राँझ आलं की सत्काराला मात्र हेच सगळे पहिल्या रांगेत.

कायद्याचं_बोला:
बरं, अंमलबजावणी ढिसाळ आहे. नियम चुकीचा नाही.

ठासणीवाला:
आभारी आहे. हे वाक्य नळीला लावून बघतो, गंज उतरतो का.

दहाचा_ठोका:
भाऊ, जमा करताना नळी आतून-बाहेरून घट्ट ग्रीस लावून द्या आणि पावतीवर स्थिती लिहून घ्या. अल्ट्रासॉनिकने तो गंज जाणार नाही. गंज काढणारं आम्लाचं द्रावण घातलंत तर त्याच्यासोबत नळीची निळाईही (गंजरोधक निळसर थर) उतरेल. बारीक स्टील वूल, तेल, हलका हात. अमोनियावाला क्लीनर पितळी माशीला (नेम धरायच्या टोकावरच्या मण्याला) लावू नका.

बावीसवाला:
म्हणजे बोल्टबद्दल आता काही म्हणणं नाही तर?

दहाचा_ठोका:
बोल्टपुरतं मान्य. फायरिंग पिन आणि स्प्रिंग काढून, बारीक भोकांत पाणी राहिलं नाही हे बघून. नळीला मात्र गजच. आणि ज्यांनी "बुडवा" लिहिलंय ते अजून इकडे फिरकलेले नाहीत, याची नोंद घ्यावी.

जुगाडू:
रॉकेल चालेल का?