मदत हवी आहे: पहिलीच मेन्स फिजिक स्पर्धा, हातात १६ आठवडे

अमळनेरचा_गडी
राम राम मंडळी. एप्रिलमधल्या जिल्हास्तरीय स्पर्धेत मेन्स फिजिकला (शॉर्ट घालून मंचावर शरीर दाखवायचा गट) उतरायचं ठरवलंय. उंची १७० सें.मी., वजन ७२ किलो, बेंबीपाशी कंबर ८४ सें.मी. अंडी चालतात, मटण-चिकन घरात होत नाही. घरच्या जेवणावर प्रोटीन भागेल का? वजन ६५ पर्यंत आणावंच लागेल का? शेवटच्या आठवड्यात पाणी तोडायचं असतं का? आणि पदकाचं जे व्हायचं ते होवो, पण या चार महिन्यांत मी स्वतः किती सुधारलो हे कशावरून ओळखायचं?

तापीकाठ
भाऊ, ६५ चा आकडा डोक्यातून काढा. मेन्स फिजिकचे गट उंचीवर पडतात, वजनाचे गट शरीरसौष्ठवाला असतात. तरी प्रवेश अर्ज नीट वाचा, शॉर्टच्या लांबीचे नियमही त्यातच कळतील.

आठवड्याला ३५० ते ५०० ग्रॅम उतरलं तर १३ आठवड्यांत ६६-६७ च्या आसपास याल, तीन आठवडे हाताशी राहतील. याहून घाई केली की स्नायूही जातात. स्नायू जाऊन खांदे आणि पाठ बसली की कंबर बारीक होऊनही व्ही-आकार दिसत नाही, आणि या गटात बघतात तोच.

प्रोटीन दिवसाला १४० ग्रॅमच्या आसपास ठेवा. ४ अख्खी अंडी (२५ ग्रॅम प्रोटीन), ४ पांढरे (१४), ५० ग्रॅम सोयाबीन वडी (२६), १०० ग्रॅम पनीर (१८), ६० ग्रॅम डाळ (१४), ३०० ग्रॅम दही (१०), १५० ग्रॅम दादर ज्वारीचं पीठ (१५), व्हे प्रोटीन पावडरचा एक स्कूप (२४). बेरीज १४६. दोन केळी, भाज्या आणि तीन चमचे तेल धरून २२०० ते २३०० कॅलरी होतात. सुरुवातीला हे पुरे.

मोजताना पीठ मोजा, भाकरी नाही. भाकरीत पाणी किती राहील हे रोज बदलतं. वडीही कोरडीच मोजायची. आपल्याकडे खरा घात करते ती तर्री. शेवभाजीवरचं तेल आणि बट्टीवरचं तूप कोणी मोजत नाही, आणि एका मोठ्या चमच्यात १३० च्या आसपास कॅलरी असतात. आईला सांगून तुमची भाजी फोडणीआधी वेगळी काढा किंवा तेल चमच्याने घाला.

वजन रोज सकाळी शौचानंतर करा, पण निर्णय सात दिवसांच्या सरासरीवर. दोन आठवडे सरासरी हलली नाही तर १५० कॅलरी कमी करा किंवा रोज २० मिनिटं चाला. दोन्ही एकदम करू नका, नाहीतर पुढे कमी करायला काही उरत नाही.

आप्पा_धुळे
पाण्याचं मी सांगतो, कारण यात जीव जातो. स्नायूत साखरेचा जो साठा असतो त्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी असतं. पाणी तोडलंस तर स्नायूच सपाट होतो आणि मंचावर पंप येत नाही, म्हणजे स्नायू फुगून दिसत नाही. लघवीच्या गोळ्यांनी पोटॅशियम बिघडतं आणि हृदयाचे ठोके चुकतात. त्यात आपला एप्रिल, पारा चाळिशीपार. कोणी गोळी पुढे केली तर सरळ नाही म्हण. पाणी आणि मीठ नेहमीइतकंच ठेव. शेवटचे दोन दिवस भात, केळी वाढव आणि मटकी, कोबी, कच्चं सॅलड कमी कर म्हणजे पोट फुगणार नाही. ही तालीम दोन आठवडे आधी एकदा करून बघ, कोणाला भात किती लागतो ते तेव्हाच कळतं.

अंगावरचे केस दोन दिवस आधी काढ. त्याच दिवशी वस्तरा फिरवला की पुरळ उठतं आणि टॅन (मंचासाठी अंगाला लावायचा गडद रंग) त्यातच साचतो. टॅनचा पहिला हात आदल्या रात्री, दुसरा सकाळी. मधे साबण, डिओ, क्रीम काही नाही. घामाने ओघळ पडतात म्हणून पंख्याखाली बस, सुती आणि ढगळ कपडे घाल.

अमळनेरचा_गडी
आप्पा, तापीकाठ भाऊ, आभार. पोझिंग कधीपासून? आणि शेवटचा प्रश्न राहिला.

तापीकाठ
पोझिंग आजपासून, रोज १५ मिनिटं. समोर, बाजू, पाठ, दुसरी बाजू: प्रत्येकी ३० सेकंद, श्वास चालू ठेवून. श्वास कोंडला की चेहरा ताणतो आणि पोट थरथरतं. पाठ दाखवताना खांदे कानाकडे चढतात, तिथे मान आखूड दिसते. सहाव्या आठवड्यानंतर आरसा सोडा, मंचावर तो नसतो. मोबाईल कंबरेच्या उंचीवर ठेवून चित्रण करा.

शेवटच्या प्रश्नासाठी एक वही करा. रोज पाच नोंदी: झोपेचे तास, वजन, मुख्य व्यायामात उचललेले किलो, पोझ किती सेकंद टिकली, आणि त्या दिवशी भुकेपायी घरात कोणावर चिडलात का. ही पाचवी नोंद मला सगळ्यात मोलाची वाटते. चरबी फार खाली गेली की झोप आणि स्वभाव दोन्ही बिघडतात. आठवड्यात तीन-चारदा चिडचिड लिहिली गेली तर आधी झोप तपासा, मग दोन दिवस नेहमीच्या पोटभर जेवणावर या. चक्कर किंवा धडधड असेल तर वही बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा.

निकालानंतर परीक्षकांना नम्रपणे एकच विचारा: 'पुढच्या वेळी माझं आधी काय सुधारायला हवं?' उत्तर त्याच वहीत उतरवा. दुसऱ्या दिवसापासून काय खायचं तेही स्पर्धेआधीच लिहून ठेवा, आठवड्याला १५० ते २०० कॅलरी वाढवत. बरेच जण आठवडाभर बट्टी-लाडू मोकाट खातात, मग अंगावर सूज येते आणि मन खचतं.