रेकॉर्डपेक्षा माणूस म्हणून आवडलेले खेळाडू : तुमचे अनुभव लिहा

कोपरीकर
परवा ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत नव्या मुलांचा वाद रंगला होता, मोठा खेळाडू कोण? शतकं किती, ट्रॉफ्या किती, सगळे मोबाईल काढून बसलेले. मला एकदम बाबा आठवले. बाबांचा देव म्हणजे गुंडाप्पा विश्वनाथ, पण त्याच्या शतकांबद्दल ते फारसं बोलायचे नाहीत. बोलायचे ते फेब्रुवारी १९८० मधल्या वानखेडेवरच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीबद्दल. ठाण्याहून लोकलने, डबा घेऊन गेले होते. इंग्लंड ५ बाद ५८. कपिलच्या बॉलवर बॉब टेलरला पंचांनी कॅचआऊट दिलं. टेलर घुटमळला. बॅट लागलेली नाही हे विशीने (म्हणजे विश्वनाथने) पाहिलं होतं, आपला कॅप्टन तोच. पंचांशी बोलून त्याने टेलरला परत बोलावलं. पुढे बोथम आणि टेलरने १७१ जोडले आणि इंग्लंडने १० विकेटनी मॅच मारली. विशीला कॅप्टन म्हणून मिळाल्या दोनच कसोटी, त्यातली ही एक. "हरलो" हा शब्द बाबा या एकाच मॅचबद्दल ताठ मानेने म्हणायचे.
तुमच्या घरात, मनात असं कोण आहे? लिहा.

सानपाडावाला
वेस्ट इंडिजचा बॉलर वॉल्श!! १९८७ चा वर्ल्डकप, लाहोर, पाकिस्तानशी मॅच. शेवटची विकेट, शेवटची ओव्हर, बॉलरच्या टोकाला उभा असलेला पाकिस्तानचा सलीम जाफर बॉल पडायच्या आधीच क्रीज सोडून पुढे गेलेला. वॉल्श बॉल टाकता टाकता थांबला, बेल्स उडवल्या नाहीत, नुसतं बघितलं त्याच्याकडे. पाकिस्तान जिंकलं आणि वेस्ट इंडिज सेमीफायनलला पोचलंच नाही. आउट केलं असतं तरी नियमात बसत होतं. तेव्हा मी शाळेत होतो, वॉल्शचा फोटो कंपासपेटीत होता. आता वाशी आलं, उतरतो.

अनघा_नेरूळ
मी २ नोव्हेंबर २०२५ ला महिला वर्ल्डकपच्या फायनलला डी. वाय. पाटील स्टेडियमला होते. पावसाने मॅच संध्याकाळी पाचला सुरू झाली, लेक भिजून कुडकुडत होती पण घरी चल म्हटलं तर ऐकेना. आपण ५२ रननी जिंकलो ते सगळ्यांना माहीत आहे. मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक म्हणजे दक्षिण आफ्रिकेची कॅप्टन लॉरा वुलवार्ड्ट. सेमीफायनलला १६९, फायनलला १०१, सगळा डाव एकटीच्या खांद्यावर. ती आउट झाली तेव्हा आमच्या स्टँडमधले लोक आधी नाचले आणि मग तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लागले. लेकीने विचारलं, आपण तिच्यासाठी का वाजवतोय? मी म्हटलं, वाजव, नंतर सांगते.
दुसरं म्हणजे आपल्या मुलींनी ट्रॉफी नेऊन निवृत्त झालेल्या झुलन गोस्वामी आणि मिताली राजच्या हातात दिली. इतकी वर्षं खेळून त्या दोघींना वर्ल्डकप मिळाला नव्हता. झुलन रडली. मी पण. आपल्याच संघातली प्रतीका रावल पाय दुखावल्यामुळे व्हीलचेअरवर होती, तिलाही मैदानात आणलं. घरी पोचेपर्यंत किती वाजले विचारू नका, दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी.

रबाळे_टू_ठाणे
अनघा +१००. आणि या मुलींचा कोच अमोल मुजुमदार राहिला की. बाकीचं रात्री लिहिते, कुकर लावायचाय.

वागळे_इस्टेट
अमोलचं नाव आलं म्हणून लिहितो. शाळांच्या हॅरिस शिल्डमध्ये सचिन-कांबळी ६६४ करत होते तेव्हा पुढचा बॅट्समन म्हणून पॅड बांधून बसलेला तो. पुढे प्रथम श्रेणीत ११ हजारांवर रन केले, भारताची टोपी मिळाली नाही. आणि ज्या संघाला त्याने शिकवलं त्याने वर्ल्डकप जिंकल्यावर हरमनप्रीत त्याच्या पाया पडली.
पण माझा खरा माणूस मुंबईचा डावखुरा स्पिनर पद्माकर शिवलकर. मामा शिवाजी पार्कला राहायचे, पावसाळ्यातली कांगा लीग बघायला मला घेऊन जायचे. चिखल, ओलं गवत, छत्र्या. मामा सांगायचे, बॉल बघू नकोस, पाय बघ, प्रत्येक वेळी एकाच जागी पडतात. ५८९ विकेट! १९७३ ची रणजी फायनल, मद्रासला, १६ रनमध्ये ८ आणि दुसऱ्या डावात १८ मध्ये ५. तरी एकही कसोटी नाही, कारण त्या काळात तसाच डावखुरा स्पिनर बेदी होता. बेदीबद्दल शिवलकरांच्या तोंडचा वाकडा शब्द मी तरी कधी वाचला नाही. मार्च २०२५ मध्ये गेले. मामा आधीच गेले होते, नाहीतर फोन केला असता.

कळवा_खाडी
सगळे क्रिकेटच लिहितायत. आमच्याकडे कबड्डी. चाळीमागच्या मैदानात स्पर्धा व्हायच्या, मातीवर, हॅलोजनचे दिवे, लाऊडस्पीकरवर सारखी स्कोअरची घोषणा. आमच्या संघात एक दादा होता, नाव नको. उपांत्य सामना, बरोबरी, शेवटची चढाई समोरच्यांची. चढाईवाला निसटता हात मारून परत गेला. पंचांना काही दिसलं नाही, पॉइंट द्यायला ते तयार नव्हते. दादाने हात वर केला आणि स्वतःहून रेषेबाहेर जाऊन उभा राहिला. आम्ही पोरं ओरडतोय, अरे लागला नाही, लागला नाही! तो म्हणाला, "माझ्या बोटाला लागला, मला कळलंय." एका पॉइंटने गेलो. संघातल्या काहींनी त्याच्याशी आठवडाभर अबोला धरला. तो दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखा मैदानावर पाणी मारत होता. आज माझा मुलगा खेळतो, त्याला या दादाचंच नाव सांगतो.

मासुंदा
@कळवा_खाडी अंगावर काटा आला.
@कोपरीकर कोपरीत कुठे हो? माझं माहेर तिथलंच, स्टेशनच्या पूर्वेला.

कोपरीकर
@मासुंदा दौलतनगरच्या बाजूला. ओळख निघणार बहुतेक :)

घोडबंदर_रोड
थोडं वेगळं मत. जिंकणाऱ्यांना उगाच मागे ढकलू नका, जिंकूनही माणूस चांगला असू शकतो. द्रविडचंच बघा. २०१८ मध्ये तो कोच असताना अंडर-१९ वर्ल्डकप जिंकल्यावर त्याला ५० लाख आणि सपोर्ट स्टाफला २० लाख जाहीर झाले. त्याने सगळ्यांना सारखे द्यायला लावले, स्वतःचे निम्मे करून २५ लाख घेतले. थ्रोडाउन देणारा, मसाज करणारा, यांच्या घरी त्या पैशाने काय झालं असेल विचार करा. मी साइटवर सुपरवायझर आहे, बोनसच्या वेळी हा माणूस मला दरवर्षी आठवतो.

सानपाडावाला
@घोडबंदर_रोड पटलं. २०२४ च्या टी-२० वर्ल्डकपनंतरही पाच कोटी सोडून बाकी कोचएवढेच अडीच घेतले त्याने.

रबाळे_टू_ठाणे
आले. अमोलवर लिहायचं ते वागळेंनी लिहिलंच, म्हणून मी पी. टी. उषा. १९८४ च्या ऑलिंपिकला एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने ब्राँझ गेलं. माझी आई तेव्हा शाळेत पीटी शिकवायची. ती मुलींना सांगायची की उषा परत आली आणि परत पळायला लागली, तुम्ही पावसात येत नाही! पुढे उषाने केरळात मुलींसाठी शाळा काढली, धावपटू टिंटू लुका तिथलीच. आईला हे फार आवडायचं, मेडलपेक्षाही. आता गुडघ्यांमुळे आईला तलावपाळीला एक फेरीही जड जाते, पण ऑलिंपिक आलं की पहाटे उठून टीव्हीसमोर.

मासुंदा
आईंना नमस्कार सांग. गुडघ्यांसाठी कोणाला दाखवता? माझ्या सासूबाईंचंही तेच चालू आहे.

अनघा_नेरूळ
विषय सोडून विचारते, सीवूड्स-नेरूळकडे मुलींसाठी क्रिकेटचं कोचिंग कोणाला माहीत आहे का? लेक नऊ वर्षांची. फायनलपासून बॅट घेऊनच झोपते.

कळवा_खाडी
@अनघा माझ्या बहिणीची मुलगी तिकडेच जाते, रात्री विचारून सांगतो. आधी कोच हरलेल्या मुलांशी कसं बोलतात ते एकदा बाजूला उभं राहून ऐका, फी नंतर विचारा.