प्रतिसाद : तबस्सुम म्हणजे फक्त गुलाब नव्हे

अभिनेत्री आणि दूरदर्शनवरची मुलाखतकार तबस्सुम हिच्यावरच्या या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की ती म्हणजे केसात गुलाब माळून खळखळून हसणारी बाई, बाकी काय केलं तिनं? नाही पटलं.

बेबी तबस्सुम म्हणून ती १९४७ पासून पडद्यावर. १९५१ च्या 'दीदार'मधली छोटी नर्गिस तीच. मग १९७२ ते १९९३, तब्बल एकवीस वर्षं दूरदर्शनवर 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' हा नटनट्यांच्या मुलाखतींचा कार्यक्रम. आम्ही इंदूरची मंडळी उन्हाळ्यात दादरला मावशीकडे जायचो, तेव्हाच तो बघायला मिळायचा. समोर कितीही मोठा नट असो, ही 'आप' म्हणत अदबीनं विचारायची, पण घरच्यासारखं. तो ताठ बसलेला पाहुणा पाचेक मिनिटांत सैल व्हायचा. आजच्या मुलाखतकारांना हे जमत नाही, स्पष्टच सांगतो.

दुसरी गोष्ट कुणी लिहिलीच नाही म्हणून ही भर. 'गृहलक्ष्मी' या हिंदी मासिकाची ती पंधराएक वर्षं संपादक होती. आमच्या काकू मराठी फक्त बोलण्यापुरत्या, वाचन सगळं हिंदीत (इंदूरी घरांत हे नवं नाही). त्यांच्या उशाशी अंकांची चळत असे, लोणच्याच्या तेलाच्या डागांसकट.

१९८५ मध्ये 'तुम पर हम कुर्बान' लिहून, काढून, स्वतःच दिग्दर्शित केला आणि मुलाला नायक केलं. सिनेमा काही चालला नाही. पुढे उतारवयात यूट्यूबवर 'तबस्सुम टॉकीज', जुन्या नटनट्यांचे किस्से सांगायला. २०२२ च्या नोव्हेंबरात गेली.