बाबांच्या डोक्यातले 'ते लोक'

निळीशाई

लिहू की नको, यात दोन आठवडे गेले. आज लिहितेच.

बाबा ७१ वर्षांचे आहेत. आयुष्यभर ऑडिटर होते. दुसऱ्याच्या खतावणीतली चूक वासावरून ओळखणारा माणूस! पावती नसेल तर आईने दिलेला घरखर्चाचा हिशेबही मान्य करायचे नाहीत. तेच बाबा गेली चार वर्षं रोज पहाटे पाच वाजता मला व्हिडिओ पाठवतात. निवडणूक झाली की निकाल आधीच ठरलेला होता. साथ आली नव्हती, आणली होती. एखादा नेता महिनाभर दिसला नाही की तो केव्हाच गेला, आता टीव्हीवर दिसतोय तो तोतया. आणि या सगळ्यामागे 'ते लोक'. कोण ते, हे आजवर एकदाही सांगितलेलं नाही. विचारलं की हसतात, जणू मला अजून शाळेतच घालायचं बाकी आहे.

माझी धाकटी बहीण शिक्षिका. तीन निवडणुकांत मतदान केंद्रावर काम केलंय तिने. पहाटे साडेचारला उठायचं, रात्री सामान जमा करून पावती हातात पडेपर्यंत हलायचं नाही. सील लावताना उमेदवारांचे प्रतिनिधी समोर कसे बसलेले असतात, कशी सही करतात, सगळं तिने त्यांना सांगितलं. बाबा म्हणाले, "तुझ्या पातळीवर कळूच देत नाहीत गं." ती ताटावरून उठली. तेव्हापासून तिने त्यांना फोन केलेला नाही.

मी काय केलं? त्यांचीच मुलगी ना, फाइल केली. त्यांनी पाठवलेले २३ मेसेज घेतले, प्रत्येक तपासला, कुठला फोटो मुळात कुठला, कुठलं वाक्य अर्धंच कापलंय, सगळं लिहून, छापून, टॅग लावून दिलं. त्यांनी चाळली. मग चष्म्यावरून बघत विचारलं, "हे तुला कोणी दिलं?"

म्हणजे आता मीही 'त्या लोकां'तली.

पुढच्या महिन्यात ते दहा दिवस माझ्याकडे राहायला येणार आहेत. मुलगा तेरा वर्षांचा आहे, आजोबांचं सगळं कान टवकारून ऐकतो. बोलू की गप्प बसू? बहीण म्हणते, बाबा गेले हातातून, सोड. मला सोडवत नाही.

सरळसोट

बहिणीचं ऐका. मी माझ्या सख्ख्या मित्राशी तीन वर्षं वाद घातला. शेवटी त्याने मलाच विकला गेलेला ठरवलं आणि मी त्याला ब्लॉक केलं. शांत झोप लागते. पुरावे दाखवले की ही माणसं आणखी घट्ट होतात, यावर संशोधनही झालंय. २३ मेसेजची फाइल वाचून मला तर तुमचीच दया आली.

खडूफळा

निळीशाई ताई, मी तीस वर्षं इतिहास शिकवला, तेव्हा थोडं लांबेल, सवय आहे.

पहिली गोष्ट, त्यांना 'असं काही नसतंच' म्हणू नका. कारण असतं. अमेरिकेत १७ जून १९७२ ला वॉटरगेट इमारतीतल्या विरोधी पक्षाच्या कार्यालयात घुसलेले लोक पकडले गेले. धागा पार अध्यक्षांपर्यंत पोचला आणि ऑगस्ट १९७४ मध्ये निक्सन यांना राजीनामा द्यावा लागला. अमेरिकेतल्याच टस्कीगी गावात तर १९३२ पासून ४० वर्षं सरकारी आरोग्यखात्याने सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांवर पाळत ठेवली. पेनिसिलिन हाताशी आल्यावरही त्यांना ते दिलं नाही, रोग काय आहे हेही नीट सांगितलं नाही. सरकार खोटं बोलतं, हा तुमच्या बाबांचा संशय हवेतून आलेला नाही. तेवढं त्यांना आधी मोकळेपणाने देऊन टाका. एवढं मान्य करणारी माणसंच त्यांना भेटली नसतील.

आता फरक बघा. या खऱ्या कटांना नावं होती, तारखा होत्या, टेप होत्या, साक्षी होत्या. आणि ते आकाराने लहान होते, म्हणजे एक ठराविक गोष्ट लपवायची, बस. खोट्या कटाचं उलटं असतं. तो दरवर्षी फुगतो. पुरावा मिळाला नाही की तोच पुरावा, 'बघा किती बेमालूम लपवलंय'! त्यात पत्रकार घ्यायचे, न्यायाधीश घ्यायचे, डॉक्टर घ्यायचे आणि शेवटी स्वतःची शिक्षिका मुलगीही.

आणि 'ते लोक' हा शब्द मला झोपू देत नाही. १९०३ साली रशियात एक दस्तऐवज छापून आला. मूठभर ज्यू पुढारी जग ताब्यात घेणार, असा त्यात मजकूर. १९२१ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ने शेजारी शेजारी उतारे छापून दाखवलं, की त्यातला बराच मजकूर १८६४ सालच्या एका फ्रेंच राजकीय उपहासातून उचललाय. त्या मूळ उपहासात ज्यूंचा उल्लेखही नव्हता. खोटेपणा सिद्ध झाला, पण छपाई थांबली नाही. नाझींनी तो प्रचारात वापरला. म्हणून बाबांना एवढं जरूर विचारा, 'ते लोक' म्हणजे नक्की कोण? कारण कोणीतरी आज ना उद्या त्या रिकाम्या जागी एखाद्या जमातीचं नाव लिहून देतो. तिथे मात्र गप्प बसू नका, नातू समोर असेल तर मुळीच नाही.

तिसरीघंटा

सरळसोट, ते 'पुरावे दाखवले की घट्ट होतात' वालं संशोधन २०१० चं. नंतर बऱ्याच मोठ्या गटांवर तपासलं तेव्हा तो परिणाम क्वचितच सापडला. लोक चिडतात, हे खरं. दर वेळी मत आणखी घट्ट होतं, हे खरं नाही.

२०२४ मध्ये 'सायन्स' या संशोधन-नियतकालिकात एक प्रयोग आला होता. दोन हजारांवर अमेरिकन लोकांनी आपण मानतो तो कट आणि तो का पटतो, हे स्वतःच्या शब्दांत लिहिलं आणि मग एका एआय प्रोग्रॅमशी त्यावर चर्चा केली. विश्वास सरासरी २० टक्क्यांच्या आसपास घटला आणि दोन महिन्यांनीही तो उतार टिकून होता. मला त्यातला आकडा तेवढा मोठा वाटत नाही. मला लक्षात राहिलं ते हे, की उत्तर त्या माणसाने मांडलेल्या नेमक्या मुद्द्याला होतं आणि समोरचा एकदाही वैतागला नाही. आपण काय करतो? ते एका व्हिडिओबद्दल बोलतात, आपण सगळ्या व्हॉट्सॲपवर भाषण देतो. आणि दुसऱ्या वाक्याला आवाज चढतो. (माझा पहिल्याच वाक्याला चढतो, सासऱ्यांना विचारा.)

२३ मेसेज एकदम नकोत. एक घ्या. तोही त्यांनी निवडलेला.

गोगलगाय

मी पलीकडून आलोय, म्हणून लिहितो. खरं नाव असतं तर लिहिलं नसतं.

२०२० मध्ये नोकरी गेली. दिवसभर घरात, रात्री फोन. एका ग्रुपमध्ये ओढला गेलो. तिथे रोज कळायचं की सगळं कसं ठरवून चाललंय. बायको विचारते 'अर्ज केलास का', आणि इथे अनोळखी लोक म्हणतात 'भाऊ, तुम्हाला कळलंय, बाकी सगळे झोपेत आहेत.' कोणाकडे जाल तुम्ही? मला ते पटलं म्हणून मी त्यात गेलो नाही. मला तिथे किंमत होती म्हणून गेलो, आणि मग पटत गेलं. निळीशाई, तुमच्या वडिलांना शेवटचं कोणी काही तपासायला दिलं होतं, आठवतंय का? चाळीस वर्षं माणूस चुका शोधायचा, मग एक दिवस नारळ देऊन घरी पाठवला. आता कोणीतरी रोज पहाटे त्यांच्या हातात 'चूक' ठेवतंय.

वहिनीने एकदा सगळ्यांसमोर 'आले आमचे गुप्तहेर' म्हटलं. सगळे हसले, मीही हसलो. त्यानंतर पाच महिने मी कोणाकडे गेलो नाही आणि ग्रुपमध्ये दुप्पट वेळ बसलो. त्यांना वाटलं असेल, बरा गप्प झाला.

बाहेर आलो तो एका मित्रामुळे. त्याने एकदाही 'हे खोटं आहे' म्हटलं नाही. त्याची सायकल दुरुस्त करायला मला बोलवायचा, तासभर नटबोल्टवर बोलायचा. आमच्या ग्रुपमध्ये तारखा यायच्या, अमुक दिवशी सगळ्या बड्या लोकांना अटक होणार वगैरे. तो एवढंच म्हणाला, "तारखा लिहून ठेव ना. खरं निघालं तर मला दाखवता येईल." मी त्याला तोंडावर पाडण्यासाठी वही घातली. अकरा तारखा लिहिल्या. अकराही आल्या आणि गेल्या. पाचवीनंतर ग्रुपमध्ये विचारलं तर उत्तर मिळालं, की मुद्दाम चुकीची तारीख सोडतात, शत्रूला चकवायला. तेव्हाही मी मान डोलावली. आठव्या तारखेला मात्र वही उघडायला हात होईना.

सगळ्यात जड काय गेलं सांगू? चाळीस जणांना मी एका माणसाबद्दल खोटा मेसेज पाठवला होता. त्या चाळीस जणांना 'ते चूक होतं' असं पाठवायला मला दीड वर्ष लागलं. दोघांचं उत्तर आलं. एकाने अंगठा पाठवला. दुसऱ्याने लिहिलं, 'तुलाही विकत घेतलं का?'

मित्र अजून त्या वहीबद्दल बोलत नाही. त्याची सायकल अजून कुरकुरते.

तिसरीघंटा

एक राहिलं. ते या नादात कोणाला पैसे पाठवत असतील किंवा चालू औषध बंद करायला निघाले असतील, तर सायकल-बियकल ठेवा बाजूला. त्याला संयम लागत नाही, त्याला डॉक्टर आणि बँक लागते.

सरळसोट

गोगलगाय, तुमचं दोनदा वाचलं. माझा मित्रही तेव्हा बेकार होता. हे मी त्या तीन वर्षांत एकदाही वाक्यात घेतलं नाही. ब्लॉक अजून काढलेला नाही, उगाच भावुक होऊ नका कोणी.

निळीशाई

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय. बाबा येऊन गेले.

औषधं आणि पैसे आधी बघून घेतले, ठीक आहे. पहिले चार दिवस विषयच काढला नाही. गोगलगाय, तुमचं वाचून माझ्या घराचे तीन वर्षांचे हिशेब त्यांच्यासमोर ठेवले. म्हटलं, कुठेतरी गळतंय, बघा. दोन दिवस लाल पेन घेऊन बसले होते. विम्याचा एक हप्ता मी दोनदा भरलेला सापडला. जेवताना तीन वेळा सांगितलं. लेकालाही 'व्हाउचर म्हणजे काय' शिकवून झालं.

सहाव्या दिवशी तोतयाचा व्हिडिओ काढलाच. नेत्याचा कान दोन फोटोंत वेगळा दिसतो म्हणे. मी विचारलं, "बाबा, ही नोंद तुमच्या टेबलावर आली असती तर तुम्ही काय मागितलं असतं?" ते लगेच म्हणाले, "मूळ कागद." मग थांबले. लेक म्हणाला, "आजोबा, मूळ फोटो शोधू या ना." दोघं तासभर बसले. एक फोटो उलटा निघाला, आरशात दिसतो तसा. डावा कान उजवा झाला होता. बाबा म्हणाले, "हा एक चुकीचा असेल. त्याने बाकीचं खोटं ठरत नाही." मी म्हटलं, बरोबर आहे, नाही ठरत. फाइलचं नावही काढलं नाही. जीभ किती वेळा चावली ते माझं मला माहीत.

खडूफळा सर, 'ते लोक कोण' तेही विचारलं. बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "असतात." त्यापुढे मला नेता आलं नाही.

घरी पोचल्यावर त्यांनी रात्री एक व्हिडिओ पाठवला. खाली तीन शब्द, 'मूळ शोधून सांग.' मी बहिणीला दाखवला. ती म्हणाली, "मला 'तुझ्या पातळीवर' म्हणाले होते, ते आधी मागे घ्यायला सांग." फोन तिने अजून केलेला नाही, आणि तिचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला नवा व्हिडिओ आला. त्याखाली काही नव्हतं.