मदत हवी आहे: मांडवा ते रेडी सायकलने, कॅन्सर संशोधनासाठी. लोकांकडे पैसे मागू कसे?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

मी मालवण तालुक्यातली, वय ४१, पतपेढीत नोकरी. चार वर्षं सायकल चालवतेय. आधी नुसतं घर ते पतपेढी, मग रविवारी आचरा, देवगड, वेंगुर्ला असं करत करत गेल्या डिसेंबरात २०० किलोमीटरची बीआरएम (ठराविक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राईड) साडेतेरा तासांच्या आत बसवली. आता दिवाळी आटपली की मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला उतरायचं आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड करत गोव्याच्या सीमेजवळच्या रेडीपर्यंत जायचं ठरवलंय. साडेपाचशेच्या आसपास अंतर होतंय आणि रजा आठ दिवसांची मिळालीय.

हे सगळं आईसाठी. आईने तीसेक वर्षं दातांना मिश्री, म्हणजे भाजलेली तंबाखू, लावली, आमच्याकडच्या सगळ्याच बायका लावायच्या. सहा वर्षांपूर्वी डाव्या गालाच्या आत चट्टा आला, मग जखम झाली आणि तिखट अजिबात सोसेना. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी दाढ लागतेय म्हणून दीड महिना मलम लावायला दिलं. शेवटी भावाने हट्टाने परळला टाटाला नेलं आणि तिथे कॅन्सर निघाला. त्यानंतरचं वर्ष म्हणजे संध्याकाळी कुडाळला तुतारी पकडायची, सकाळी दादरला उतरायचं, तिथून टॅक्सी. रिपोर्टची फाईल साडीच्या दुकानाच्या पिशवीत असायची. पिशवीचा बंद तुटला तेव्हा आईने त्यात परकराची नाडी ओवली, ती पिशवी अजून कपाटात आहे. आई आज बरी आहे. तोंड पूर्ण उघडत नाही, भाकरी सोलकढीत कुस्करून खाते, पण खाते, आणि अंगणात बसून शेजारणींशी गजालीपण मारते.

तर आता प्रश्न. सायकलिंगचे आहेतच, पण त्याहून मोठा वेगळाच आहे. मी वाडीत सांगितलं की या राईडच्या निमित्ताने कॅन्सरवरच्या संशोधनासाठी पैसे जमवायचेत, तर पहिलाच प्रश्न आला, "सायकल चलवन कॅन्सर बरो जाता काय गो?" तो एक वेळ सोडून देता येतो. पण दुसरा आला, "संशोधनाक कित्याक? थेट पेशंटाक दे मां, आमचे पैसे खंय जातले ता तरी कळात." याला मला नीट उत्तर देता आलं नाही. कारण ते चुकीचं बोलत नाहीत. परळला फुटपाथवर झोपणारी माणसं मी पाहिलीयत, त्यांना आज पैसे लागतात. तरी मला आतून वाटतं की संशोधनालाच द्यावे, पण का ते शब्दात सांगता येत नाही.

दुसरं म्हणजे हिशोब. तीन वर्षांपूर्वी वाडीतल्या एका मुलाच्या ऑपरेशनसाठी मी माझ्या यूपीआयवर पैसे जमवले होते. पै न् पै त्याच्या घरच्यांना पोचवली, तरी एकाने व्हॉट्सॅप ग्रुपवर सगळ्यांदेखत विचारलं की नक्की किती जमले आणि किती दिले. मी पासबुकाचा फोटो टाकला, मग सगळे गप्प बसले. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. मी दिवसभर लोकांचे पैसे मोजते हो, माझ्यावर कोणी संशय घ्यावा हे फार लागलं. परत तसं नको आहे.

तिसरं, रस्ता, फेऱ्या, शरीर, मुक्काम, जे सुचेल ते सांगा. सायकल हायब्रिड आहे, टायर ३५ चे.

*

आडवळण: ताई, आधी रस्त्याचं सांगतो, मी हा मार्ग दोनदा केलाय. नकाशात किनारा दिसतो म्हणून सपाट समजू नका. खाडीला उतरायचं, खाडी ओलांडायची की लगेच परत सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढायचं, दिवसभर हेच. चढ लहान असतात पण उभे आणि एकामागून एक, शेवटी पाय भरून येतात. दाभोळचा उतार आणि रत्नागिरीच्या अलीकडचा आरे-वारे, या दोन्ही ठिकाणी ब्रेक तपासूनच उतरा. गिअरमध्ये मागची सगळ्यात मोठी चकती ३२ दात्यांच्या वर असेल तर गुडघे वाचतील. चार ठिकाणी जंगलजेट्टी (गाड्याही नेणारी फेरीबोट) लागेल: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड. दिवसाचं गणित किलोमीटरवर नको, फेरीच्या वेळेवर बसवा. दाभोळची शेवटची फेरी चुकली तर एकतर मुक्काम, नाहीतर चिपळूणवरून वळसा, दुसरा काही मार्ग नाही.

पहाटे उजाडता उजाडता निघा आणि अकराच्या आत दिवसाचं निम्म्याहून जास्त अंतर काढा. नोव्हेंबरातसुद्धा सड्यावर सावली नाही, जांभा तापला की खालून झळ येते. नुसतं पाणी पीत राहू नका, मीठ घातलेलं कोकम किंवा ओआरएस आलटून पालटून घ्या. घामावाटे मीठ जातं आणि वर नुसतं पाणी ओतत राहिलं की डोकं दुखतं, मळमळतं. माझं हर्णैला असंच झालं होतं, अर्धा दिवस एका काकूंच्या ओटीवर झोपून होतो.

सड्यावरची: बायकांनी सांगायच्या गोष्टी मी सांगते. पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत काहीही घालायचं नाही, शिवण घासून दुसऱ्याच दिवशी सोलवटतं. दोन जोड घ्या, रोज रात्री धुवा, आणि नाही सुकली तर ओली घालू नका, दुसरी घाला. खोबरेल तेल चालतं, पेट्रोलियम जेली जास्त टिकते. बसायची सीट आत्ताच बदलून घ्या, निघायच्या आठवड्यात नको, शरीराला सवय व्हायला दोन-तीन लांब राईड लागतात. हाताची करंगळी बधिर होत असेल तर पकड सारखी बदला, हँडल थोडं वर घ्या. मुक्कामाला घरगुती सोय शोधा, किनाऱ्यावर जवळजवळ प्रत्येक गावात मिळते, आणि फोनवर घरातल्या बाईशी बोलून ठरवा. मी एकटीने गुहागर ते मालवण केलंय, रस्त्यावरच्या माणसांनी सांभाळूनच घेतलं. पण अंधार पडायच्या आत गाव गाठायचं हा नियम मी कधीच मोडला नाही. आणि चेन रोज रात्री फडक्याने पुसून तेलाचा थेंब द्या, खाऱ्या हवेत तीन दिवसांत गंज धरते.

खतावणी: पैशाचं मी सांगतो, कामच तेच आहे माझं. एक, स्वतःच्या खात्यात एक रुपयाही घेऊ नका. हेतू कितीही स्वच्छ असला तरी नको. ज्या संस्थेला द्यायचे तिच्या स्वतःच्या देणगीच्या पानाची लिंक द्या, देणाऱ्याने थेट तिथे भरावे, पॅन घालावा, पावती त्याच्याच नावाने येईल. देणगीवरची आयकरातली सूट (८०जी म्हणतात ती) हवी असणाऱ्यांना सांगा की २००० रुपयांच्या वर रोख दिले तर सूट नाही, आणि नव्या कररचनेत असतील तरीही ही सूट मिळत नाही. हे आधीच सांगा, मग मागाहून कोणी नाराज होत नाही.

दोन, संस्थेला आधी पत्र लिहा. "मी अशी राईड करतेय, जमलेली देणगी संशोधनासाठीच वापरली जावी अशी इच्छा आहे, ते कसं नोंदवायचं?" असं सरळ विचारा. उत्तर लेखी घ्या. त्यांचं नाव किंवा बोधचिन्ह टीशर्टवर छापायचं असेल तर त्याचीही परवानगी लागेल.

तीन, गावात रोख जमवायची असेल तर जपून. गणपती मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१क ची परवानगी काढतात ना, तेच कलम. नोंदणीकृत ट्रस्ट नसलेल्या कोणीही धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर ती परवानगी लागते. तुमची पहिल्या वेळची चूक ही इथे होती, नियतीत काही खोट नव्हती.

चार, राईडचा खर्च स्वतःचा. फेरी, मुक्काम, ट्यूब, जेवण, सगळं. अमेरिकेत मॅसेच्युसेट्समध्ये १९८० पासून पॅन-मास चॅलेंज नावाची सायकल राईड होते, डॅना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटसाठी. तिथे सायकलस्वाराने जमवलेली सगळीच्या सगळी देणगी संस्थेला जाते आणि आयोजनाचा खर्च वेगळ्या वाटेने भागवतात. लोक वर्षानुवर्षं देत राहतात त्याला हेही कारण आहे. तुम्हीही पहिल्या ओळीतच लिहा की खर्च माझा, तुमचा रुपया पूर्ण तिकडे.

दुबईत भाऊ असलेला: परदेशातून दिले तर चालतात का?

खतावणी: भाऊ भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र एफसीआरए (परदेशी देणगीचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच, आणि तिच्या त्यासाठीच्या वेगळ्या खात्यातच.

*

धागाकर्ती: तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, खतावणी यांचं सगळं वहीत उतरवून घेतलंय, पत्राचा मसुदा आजच करते. पण वाडीतल्या त्या प्रश्नाचं काय? तो अजून तसाच आहे.

दंतकथा: उशिरा लिहितोय, ओपीडी होती. मी तोंडाच्या शस्त्रक्रियेतला डॉक्टर आहे, रत्नागिरी जिल्ह्यात. ताई, एक विचारतो. आईच्या मानेवर डाव्या बाजूला शिवणीची खूण आहे का, कानाच्या खालून पुढे येणारी?

धागाकर्ती: हो, आहे. जबड्याच्या खालून गळ्यापर्यंत. आम्हाला तेव्हा कळलंच नव्हतं, जखम गालात आणि मान कशाला कापली म्हणून. मानेत गाठबीठ काही हाताला लागत नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं असणार पण तेव्हा कोणाचं लक्ष होतं.

दंतकथा: मग तुमचं उत्तर तुमच्या घरातच आहे. फाईल न बघता तुमच्या आईबद्दल मी नक्की काही बोलणार नाही, पण सर्वसाधारण सांगतो.

तोंडाचा कॅन्सर पसरतो तेव्हा बहुतेक वेळा आधी मानेतल्या लसीकाग्रंथींत जातो. आजार लवकर सापडला आणि मानेत काही लागत नसेल तर त्या ग्रंथी गालाच्या ऑपरेशनबरोबरच काढाव्या, का थांबून लक्ष ठेवावं आणि गाठ आली तरच काढाव्या, यावर जगभरच्या सर्जनांचा कित्येक वर्षं वाद होता. दोन्ही बाजूंना मोठमोठी माणसं. कोणाकडेच पक्का पुरावा नव्हता.

तो पुरावा परळला तयार झाला. टाटा मेमोरियलमध्ये २००४ पासून अशा पेशंटचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एका गटाची मान आधीच साफ केली, दुसऱ्याची गाठ आल्यावर. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या ५०० पेशंटचा निकाल २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापला. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. म्हणजे शंभर माणसांमागे बारा-तेरा जीव, नवीन औषध नाही, नवीन मशीन नाही, फक्त कधी कापायचं एवढं कळल्यामुळे. त्यानंतर बहुतेक ठिकाणी हेच शिकवलं जातं, मीही हेच करतो.

आता वाडीतल्या प्रश्नावर येतो. थांबायचं का आधीच काढायचं, या प्रश्नाच्या उत्तरात विकायला काहीच नाही. गोळी नाही, इंजेक्शन नाही, मग कुठली कंपनी यावर पैसे घालेल? असे प्रश्न सरकारी संस्था आणि देणगीदार यांच्याच जोरावर सुटतात. दहा-दहा वर्षं पेशंटच्या मागे राहायचं, तो गावी गेला तर फोन करायचा, नोंदी ठेवायच्या, आकडेमोड करायची, हे काम करणाऱ्यांना पगार लागतो. पेशंटला दिलेला पैसा एका पेशंटला लागतो आणि तो द्यायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण तुमच्या आईच्या आधी त्या ५०० जणांनी स्वतःला त्या अभ्यासात घालून घेतलं, म्हणून आज सर्जनला विचार करत बसावं लागत नाही.

*

धागाकर्ती: डॉक्टर, तुमचं उत्तर मी तीनदा वाचलं, मग आईला मोठ्याने वाचून दाखवलं, मालवणीत करून. ती बराच वेळ मानेवरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, "माका वाटला होता, चुकान कापली."

सहा वर्षं तिच्या मनात हे होतं आणि ती कोणाला बोलली नव्हती.

काल देवळात बैठक होती, तिथे मी जेवढं समजलं तेवढं सांगितलं. मध्येच आई उठली, मानेवरचा पदर बाजूला केला, आणि स्वतःच बोलायला लागली. तोंड नीट उघडत नाही म्हणून ती चार माणसांत बोलायचं टाळते, काल बोलली. मिश्रीबद्दलपण बोलली, दोन वहिनी खाली बघत होत्या. पैसे किती जमतील माहीत नाही, पण ते "थेट पेशंटाक दे" म्हणणारे काका बैठक संपल्यावर विचारत होते की मोबाईलवरून भरायचे कसे. ज्यांना मोबाईल जमत नाही त्यांच्या रोखीसाठी ४१क चा अर्ज करतेय. बचत गटाच्या दोघी माझ्याबरोबर वहीवर सह्या करणार, आणि पावतीची प्रत देवळाच्या फळ्यावर लावणार.

एवढंच विचारायचं राहिलं: श्रीवर्धनला मुक्काम करून पहाटे निघाले तर बागमांडल्याहून वेशवीची पहिली फेरी किती वाजता मिळते? अलीकडे कोणी गेलं असेल तर कृपया सांगा, त्यावर माझा तिसरा दिवस अवलंबून आहे.