उन्हाळ्यात ब्रेडला खड्डा पडतो

ब्रेडला मधोमध खड्डा पडतो म्हणून ब्रेड बनवायचं मशीन बदलू नका, आधी पाणी बदला. आमच्या परभणीत मे महिन्यात पारा ४२च्या पुढं जातो, टाकीचं पाणी हाताला चटका देतं. त्यानं यीस्ट भराभर फुगतं आणि भाजायच्या आधीच ब्रेड बसतो. मी माठातलं पाणी घेते, यीस्टही थोडं कमी घालते. गिरणीचं पीठ पाणी जास्त पितं. म्हणून मळणं सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी झाकण उघडून गोळा बघाच. बोटाला किंचित चिकटून सुटला पाहिजे. नवीनच घ्यायचं असेल तर लाईट जाऊन आल्यावर थांबलं तिथून पुढं चालणारं मशीन घ्या. माझं पहिलं तसं नव्हतं, कितीदा अर्धकच्चा गोळा काढून तव्यावर भाजलाय!